वाचकांचे प्रश्न : विद्युतवाहक बहुवारिकांत भार नेमका सरकतो कसा?

वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकविषयी, म्हणजेच विद्युतवाहक बहुवारिकांविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखेच प्रश्न एकत्र केले असून काही प्रश्नांची भाषा थोडी आटोपशीर केली आहे.

प्रश्न : ज्या बहुवारिकाच्या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध एकाआड एक येतात, त्यात इलेक्ट्रॉनांना या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाट मिळते आणि म्हणून ते वीज वाहून नेते, असे वाचले. एवढेच कारण असेल, तर शुद्ध पॉलिॲसिटिलीन तांब्यासारखे वाहक का नाही?

उत्तर : आपण वाचलेले विधान खोटे नाही, पण ते अर्ध्यावर थांबते. गंमत अशी की, ज्या एकाआड एक रचनेला त्यात वाहकतेचे श्रेय दिलेले आहे, तीच रचना शुद्ध पदार्थात वाहकतेच्या आड येते.

पॉलिॲसिटिलीन हे या कुळातील सर्वांत साधे बहुवारिक आहे. त्याच्या साखळीतील प्रत्येक कार्बनच्या चार बाह्य इलेक्ट्रॉनांपैकी तीन इलेक्ट्रॉन दोन शेजारी कार्बन आणि एक हायड्रोजन यांच्याशी बंध जोडण्यात खर्च होतात. चौथ्याचा कक्षक, म्हणजे त्याच्या वावराचा प्रदेश, साखळीच्या प्रतलाला लंब असतो आणि तो दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या तशाच कक्षकांवर पसरतो. सर्व बंध एकसारख्या लांबीचे असते, तर हे चौथे इलेक्ट्रॉन साखळीभर सारखे पसरले असते, त्यांचा ऊर्जापट्टा, म्हणजे त्यांना उपलब्ध असलेल्या ऊर्जापातळ्यांचा सलग संच, निम्मा भरलेला राहिला असता आणि ती साखळी खरोखरच धातूसारखी वागली असती. परंतु अशी एकमितीय धातूची साखळी स्थिर राहू शकत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ पायर्ल्स यांनी सर्वसाधारण स्वरूपात दाखवून दिले होते. अणू जोडीजोडीने किंचित जवळ सरकले की साखळीवर थोडा ताण येतो खरा, पण त्या बदल्यात इलेक्ट्रॉनांची ऊर्जा त्याहून अधिक कमी होते, म्हणून साखळी आपणहून तसे करते. पॉलिॲसिटिलीनमध्ये दुहेरी बंध सुमारे ०.१३६ नॅनोमीटर आणि एकेरी बंध सुमारे ०.१४४ नॅनोमीटर लांबीचा भरतो. एवढ्याशा फरकाने भरलेल्या आणि रिकाम्या ऊर्जापट्ट्यांमध्ये सुमारे १.५ इलेक्ट्रॉनव्होल्टची दरी पडते.

सामान्य तापमानाला अणूंच्या थरथरीतून मिळणारी ऊर्जा ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते. तेवढ्या बळावर ही दरी ओलांडण्याची शक्यता दहा लाख कोटींत एखादी, इतकी क्षुल्लक आहे; शुद्ध म्हटलेल्या नमुन्यात जी थोडी वाहकता मोजली जाते ती बहुतांशी उरल्यासुरल्या अशुद्धींची असते. तेव्हा एकाआड एक बंधांनी साधते ते इतकेच, की पॉलिएथिलीनसारख्या बहुवारिकातील कितीतरी मोठी दरी अर्धवाहकाला शोभेल इतकी अरुंद होते. वाट तयार होते, पण वाटेवरून चालणारे कोणी नसते.

प्रश्न : मग ते चालणारे आणतात त्यालाच डोपिंग म्हणतात का? सिलिकॉनमध्ये करतात ते आणि हे डोपिंग एकच आहे का?

उत्तर : नाव एक आहे, क्रिया वेगळी आहे, आणि माझ्या मते या एका नावामुळे विद्यार्थ्यांचा जितका गोंधळ होतो तितका या विषयातील दुसऱ्या कशानेही होत नाही. सिलिकॉनच्या स्फटिकात फॉस्फरसचा अणू सिलिकॉनच्या एका अणूची जागा घेतो आणि तो लाखांत किंवा कोटींत एखादा असला तरी पुरतो. बहुवारिकात कोणत्याही अणूची जागा कोणी घेत नाही. तेथे घडते ते सरळसरळ ऑक्सिडीकरण किंवा क्षपण, म्हणजे साखळीतून इलेक्ट्रॉन काढून घेणे किंवा तिला देणे. आयोडीनची वाफ पॉलिॲसिटिलीनच्या पातळ पडद्यावर सोडली, की आयोडीन साखळीतून इलेक्ट्रॉन काढून घेते, साखळीवर धन भार उरतो, आणि ऋण भारित झालेले आयोडीनचे आयन साखळ्यांच्या मधल्या फटींत ठाण मांडून बसतात. प्रमाणही लाखांत एक नसते. कार्बन अणूंच्या किंवा वलयांच्या संख्येच्या काही टक्क्यांपासून थेट तिसाव्या टक्क्यापर्यंत ते जाते. एवढी भर घातलेला पदार्थ मूळ पदार्थ उरतच नाही, त्याला एक प्रकारचा क्षार म्हणणेच अधिक योग्य ठरेल.

या क्षेत्राची सुरुवात याच प्रयोगाने झाली. १९६७ मध्ये तोक्योत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत उत्प्रेरक चुकून सुमारे हजारपट जास्त पडला आणि नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी चंदेरी चकाकीचा पडदा हाती आला. तो चकाकत होता, पण चांगला वाहक नव्हता. पुढे ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांच्यासह पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्याच्यावर आयोडीनची प्रक्रिया केली, तेव्हा वाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. ते निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००० साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या कथेत चुकून जास्त पडलेल्या उत्प्रेरकाला नेहमी नायकाचे स्थान मिळते. मला मात्र चकाकणारा पडदा हाती आल्यानंतरची जवळजवळ दहा वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात, कारण चकाकी म्हणजे वाहकता नव्हे, हे त्या काळात स्पष्ट झाले होते.

पॉलिॲनिलीनमध्ये डोपिंगची आणखी एक तऱ्हा आढळते. त्याच्या एमेराल्डीन नावाच्या निळ्या रूपाला आम्लात बुडवले की त्यातील नायट्रोजन अणूंना प्रोटॉन चिकटतात, रंग हिरवा होतो आणि रोधक पदार्थ वाहक बनतो. यात साखळीतील इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या मुळीच बदलत नाही, फक्त त्यांची मांडणी बदलते.

सिलिकॉनशी असलेला दुसरा फरक मला याहून मोलाचा वाटतो. सिलिकॉनमधील फॉस्फरसपासून इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे ०.०४५ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, कारण सिलिकॉन विद्युत आकर्षणाला बरेच बोथट करते. बहुवारिकांचा परावैद्युत स्थिरांक (आकर्षण किती बोथट होते ते सांगणारा आकडा) तीन-चारच्या आसपास असतो. त्यामुळे साखळीवरचा धन भार आणि एका नॅनोमीटरवर बसलेला ऋण आयन यांच्यातील आकर्षण जवळजवळ ०.४ ते ०.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते, म्हणजे सामान्य तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या पंधरा-वीस पट. याचा अर्थ, ज्या आयनामुळे भार जन्माला आला तोच आयन त्याला धरून ठेवतो. थोडे डोपिंग केले असता वाहकता अपेक्षेपेक्षा कमी वाढते, आणि पुढे मात्र अपेक्षेपेक्षा झपाट्याने वाढते, त्यामागे हेच मोठे कारण आहे. आयनांची दाटी झाली की त्यांच्या आकर्षणाचे खड्डे एकमेकांत मिसळतात आणि एका खड्ड्यातून शेजारच्या खड्ड्यात जाण्यासाठी चढावी लागणारी कड खाली येते.

प्रश्न : साखळीवर जे सरकते ते इलेक्ट्रॉन असते की सोलिटॉन, पोलारॉन वगैरे? ही नावे म्हणजे केवळ गणिती कल्पना आहेत का?

उत्तर : नाहीत. साखळीतून एक इलेक्ट्रॉन काढला की उरलेली साखळी मुकाट्याने पूर्वीसारखी राहत नाही. त्या जागेच्या आसपासचे बंध आपल्या लांबी बदलतात, एकेरी बंध काहीसे आखूड होतात आणि दुहेरी लांबतात. भार आणि त्याने आपल्याभोवती करून घेतलेला हा बंधांचा बदल मिळून जी जोडी होते तिला पोलारॉन म्हणतात. पॉलिथायोफिन या वलयांच्या साखळीच्या बहुवारिकामध्ये ती साधारण चार-पाच वलयांवर पसरलेली असते. भार सरकतो तेव्हा हा बदलही त्याच्याबरोबर सरकतो. मऊ गादीवर चालणाऱ्या माणसाच्या पावलाखालचा खळगा जसा त्याच्याबरोबर पुढे जातो, तसाच काहीसा हा प्रकार आहे. उपमा येथेच सोडून द्यावी, कारण गादीवरचा खळगा माणसाला अडवत नाही, पोलारॉनचा खळगा मात्र भाराला जड करतो.

पॉलिॲसिटिलीनची गोष्ट निराळी आहे. त्याच्या साखळीत दुहेरी बंध सम जागी ठेवले काय आणि विषम जागी ठेवले काय, ऊर्जा सारखीच राहते. म्हणून एकाच साखळीचा एक भाग पहिल्या मांडणीत आणि उरलेला दुसऱ्या मांडणीत असू शकतो, आणि त्यांच्या सीमेवर जो सांधा तयार होतो तो सोलिटॉन. हा सांधा एका अणूवर नसतो, तो दहा-पंधरा कार्बन अणूंवर हळूहळू पसरलेला असतो. सू, श्रीफर आणि हीगर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघाला : विद्युतभार नसलेल्या सोलिटॉनला स्पिन (इलेक्ट्रॉनला चुंबकासारखे वागवणारा अंगभूत गुण) असतो आणि भार असलेल्याला स्पिन नसतो, म्हणजे साध्या इलेक्ट्रॉनच्या नेमके उलट. प्रयोगांनी याला पुष्टी दिली. पॉलिॲसिटिलीनचे डोपिंग हळूहळू वाढवत नेले असता पहिल्या काही टक्क्यांपर्यंत वाहकता प्रचंड वाढते, पण सुट्या स्पिनांमुळे दिसायला हवी ती चुंबकीय खूण त्या प्रमाणात दिसत नाही. ही नावे केवळ कागदावरची असती, तर ही विसंगती उलगडली नसती.

पॉलिथायोफिन, पॉलिपायरोल अशा वलये असलेल्या बहुवारिकांत मात्र दोन मांडण्यांची ऊर्जा सारखी नसते, त्यामुळे मोकळा सोलिटॉन तेथे टिकत नाही आणि पोलारॉन हाच मुख्य वाहक ठरतो. दोन पोलारॉन मिळून दुप्पट भाराचा, स्पिनरहित बायपोलारॉन बनतो असे पाठ्यपुस्तकांत निःशंकपणे लिहिलेले असते. प्रत्यक्षात कोणत्या पदार्थात तो किती प्रमाणात असतो यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पोलारॉनचा पुरावा मात्र डोळ्यांनीही दिसतो : पेडॉट नावाचे बहुवारिक भाररहित असताना गडद निळे दिसते आणि डोपिंग केल्यावर फिकट आकाशी व जवळजवळ पारदर्शक होते, कारण पोलारॉनमुळे ऊर्जादरीच्या आत नव्या ऊर्जापातळ्या येतात आणि प्रकाशाचे शोषण अवरक्त भागाकडे सरकते.

प्रश्न : एक साखळी फार तर काही नॅनोमीटर किंवा काही शे नॅनोमीटर लांब असणार, आणि आपण तर सेंटीमीटरभर लांबीच्या पट्टीतून वीज नेतो. साखळी संपते तेथे भाराचे काय होते?

उत्तर : घोडे पेंड खाते ते इथेच. सलग वाटेचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून हा विषय शिकवला की हा प्रश्न सुचतच नाही, म्हणून ज्यांना तो सुचला त्यांचे कौतुक वाटते.

आधी हिशेब करू. पॉलिथायोफिनच्या एका घटकाची लांबी ०.४ नॅनोमीटरच्या आसपास असते. तीनशे घटकांची साखळी अगदी ताणून सरळ धरली तरी ती सव्वाशे नॅनोमीटरच्या आतच राहील. एक सेंटीमीटर अंतरात अशा जवळजवळ एक लाख साखळ्या टोकाला टोक लावून ठेवाव्या लागतील, आणि प्रत्यक्षात त्या टोकाला टोक नसतातच, गुंतलेल्या, वळलेल्या आणि मध्येच पिळलेल्या असतात. दोन शेजारी वलये एकमेकांच्या प्रतलातून पिळली गेली, की त्यांच्या कक्षकांचा संपर्क कमी होतो आणि साखळी रासायनिकदृष्ट्या अखंड असूनही विद्युतदृष्ट्या तुटल्यासारखी होते. तेव्हा भाराला लाखो वेळा एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर जावे लागते. त्यांच्यामध्ये रासायनिक बंध नसतो. वलयांचे पृष्ठभाग एकमेकांसमोर ०.३४ ते ०.३८ नॅनोमीटर अंतरावर आलेले असतात, इतकेच.

हे जाणे म्हणजे उडी. भार एका जागेवर काही काळ थांबतो, अणूंच्या थरथरीमुळे दोन्ही जागांची ऊर्जा क्षणभर जुळून येते, आणि तेवढ्यात तो पलीकडे जातो. उडीची शक्यता अंतराबरोबर अतिशय वेगाने घटते, आणि समोरच्या जागेची ऊर्जा किती जास्त आहे यावरही ती अवलंबून असते. जवळची पण चढावरची जागा घ्यावी, की लांबची पण समतल जागा घ्यावी, असा हा पेच असतो. भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांनी विस्कळीत पदार्थांसाठी दाखवले की तापमान जितके कमी, तितका भार लांबच्या पण समतल जागा पसंत करतो, आणि त्यातून वाहकता तापमानाबरोबर कशी बदलेल याचे एक विशिष्ट सूत्र निघते. अनेक विद्युतवाहक बहुवारिकांचे मापन त्या सूत्राच्या जवळ जाते. साधी खूण लक्षात ठेवायची तर ही : तांबे तापवले की त्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो, तर बहुतेक विद्युतवाहक बहुवारिके तापवली की त्यांचा रोध कमी होतो. धातूत अणूंची थरथर इलेक्ट्रॉनांची वाट अडवते. येथे तीच थरथर भाराला पुढे जायला मदत करते.

अडचण साखळीच्या आत नसून साखळ्यांच्या मध्ये आहे, याचा भक्कम पुरावा वेगळ्या प्रकारच्या मापनांतून मिळतो. द्रावणात एकट्या पडलेल्या, न पिळणाऱ्या ताठ साखळ्यांवर सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने भाराची गतिशीलता, म्हणजे ठरावीक विद्युतक्षेत्रात तो किती वेगाने सरकतो ते, मोजली असता ती काही शे चौरस सेंटीमीटर प्रति व्होल्ट-सेकंद इतकी आढळली आहे. पॉलिथायोफिनच्या पडद्यापासून बनवलेल्या ट्रान्झिस्टरमध्ये मात्र ती ०.१ च्या आसपास असते. हजारो पटींची ही घट साखळीच्या रसायनाची नव्हे, मांडणीची आहे.

दुसरा पुरावा पेडॉटचा, आणि तो मला अधिक बोलका वाटतो. व्यवहारात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पेडॉट-पीएसएस या मिश्रणात (पीएसएस हे ऋण भार असलेले दुसरे, रोधक बहुवारिक) पेडॉटच्या साखळ्या अगदी आखूड, साधारण डझनभर घटकांच्या मानल्या जातात. सलग वाट हेच वाहकतेचे रहस्य असते, तर हा पदार्थ या कुळात मागे पडायला हवा होता. तो आघाडीवर आहे. पाण्यातील मिश्रण नुसते पसरून वाळवले तर वाहकता एक सीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या आसपास मिळते. त्यात थोडे एथिलीन ग्लायकॉल मिसळले तर ती हजाराच्या घरात जाते आणि वाळलेल्या पडद्यावर संहत सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली तर चार हजारांच्या वर पोचल्याच्या नोंदी आहेत. या प्रक्रियांमुळे भारांची संख्या हजारपट वाढत नाही. मधले विद्युतरोधक पीएसएस बाजूला होते किंवा धुऊन जाते, आणि पेडॉटचे आखूड तुकडे एकमेकांवर नीट रचले जातात. उडीचे अंतर कमी झाले, एवढाच काय तो फरक.

मग साखळीच्या लांबीला काहीच महत्त्व नाही का? आहे, पण निराळ्या कारणाने. पॉलिथायोफिनसारख्या पदार्थात नीट रचलेली स्फटिकी बेटे असतात आणि त्यांच्यामध्ये अव्यवस्थित भाग असतो. साखळी पुरेशी लांब असेल तर तिचे एक टोक एका बेटात आणि दुसरे टोक शेजारच्या बेटात रुतू शकते, म्हणजे ती दोन बेटांमधला पूल होते. आखूड साखळ्यांच्या नमुन्यात स्फटिक अधिक सुबक दिसत असूनही वाहकता कमी भरते, कारण बेटे सुंदर असतात आणि पूल नसतात. अलीकडे तर अशी काही बहुवारिके मिळाली आहेत की जी क्ष-किरणांना जवळजवळ अस्फटिकी दिसतात, तरीही त्यांत भार चांगला सरकतो. त्यांचा कणा सहसा पिळला जात नाही, त्यामुळे भाराला साखळीवरच बराच लांब पल्ला मिळतो आणि अधूनमधून एखादी उडी पुरते.

साखळ्या एका दिशेने ताणून समांतर केल्या तर काय होते, हेही पॉलिॲसिटिलीनवर करून पाहिले गेले आहे. १९८० च्या दशकात अशा ताणलेल्या आणि डोपिंग केलेल्या पडद्यांची ताणाच्या दिशेतील वाहकता काही दहा हजारांपासून लाख सीमेन्स प्रति सेंटीमीटरपर्यंत नोंदवली गेली. तांब्याची सुमारे सहा लाख असते. आडव्या दिशेने ती कितीतरी कमी भरते. दुर्दैवाने पॉलिॲसिटिलीन हवेत टिकत नाही, म्हणून ज्या पदार्थाने हे क्षेत्र उघडले तो प्रत्यक्ष वापरात जवळजवळ कुठेच आढळत नाही.

प्रश्न : कार्बनची पूड मिसळलेले काळे प्लास्टिकही वीज वाहून नेते. तेही याच प्रकारातले का?

उत्तर : नाही. तेथे प्लास्टिक रोधकच राहते आणि वीज कार्बनच्या कणांच्या एकमेकांना भिडलेल्या रांगांतून जाते. कणांचे प्रमाण ठरावीक मर्यादेखाली गेले की रांगा तुटतात आणि वाहकता एकदम कोसळते. काही बॅटऱ्यांमध्ये वापरले जाणारे पॉलिएथिलीन ऑक्साइड हाही तिसराच प्रकार आहे, कारण त्यातून लिथियमचे आयन सरकतात, इलेक्ट्रॉन नव्हेत.

प्रश्न : विद्युतवाहक बहुवारिकांतही आयन असतातच. मग तेही हलत असतील की नाही?

उत्तर : कोरड्या पडद्यात ते बहुतांशी जागच्या जागी असतात आणि प्रवाह इलेक्ट्रॉनांच्या हालचालीचाच असतो. पण पडदा मिठाच्या पाण्यात ठेवला की चित्र पालटते. पेडॉट-पीएसएस पाणी शोषून फुगते, आणि बाहेरून विभव बदलला की पाण्यातील धन आयन आत शिरून पीएसएसच्या ऋण भारांचे समाधान करतात. मग पेडॉटवर तितक्या धन भारांची गरज उरत नाही, डोपिंग उतरते आणि इलेक्ट्रॉनांची वाहकता घटते. विभव उलटा केला की आयन बाहेर पडतात आणि वाहकता परत येते. म्हणजे एकाच पदार्थात आयनांचा प्रवाह हा इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहाची तोटी उघडतो आणि बंद करतो, आणि या तत्त्वावर विद्युतरासायनिक ट्रान्झिस्टर चालतात.

यात आयन केवळ पृष्ठभागावर थांबत नाहीत, पडद्याच्या संपूर्ण घनफळात शिरतात, त्यामुळे एका घन सेंटीमीटरमागे सुमारे ४० फॅरड इतकी धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, मिळते. किंमत मोजावी लागते ती वेगात : आयन इलेक्ट्रॉनांपेक्षा कितीतरी मंद असल्याने पडदा जितका जाड, तितका प्रतिसाद उशिरा येतो. मज्जापेशींचे संदेश टिपणाऱ्या विद्युतअग्रांवर पेडॉटचा लेप देतात तो याच गुणासाठी. पेशी आयनांच्या भाषेत बोलते, तार इलेक्ट्रॉनांच्या, आणि लेपामुळे त्यांच्यामधील प्रतिबाधा, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा, बरीच उतरते. लेप किती जाड ठेवावा हे मात्र प्रत्येक वेळी तडजोडीनेच ठरवावे लागते, कारण जाड लेपाने धारिता वाढते, पण तो फुगून अग्रापासून सुटण्याचा धोकाही त्याच्याबरोबर वाढतो.